सल्ले मोजता येतात

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात हा धडा आला की फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली जाते. डावीकडे काउंटेबल, उजवीकडे अनकाउंटेबल. डाव्या बाजूला खुर्ची, पेन, माणूस. उजव्या बाजूला पाणी, दूध, वाळू. इथवर सगळे सुरळीत चालते. मग शिक्षक उजवीकडे ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, इक्विपमेंट, वर्क असे शब्द लिहू लागतात आणि बाकांवर कुजबुज सुरू होते. एखादा धीर करून विचारतो, "सर, फर्निचर का नाही मोजता येणार? चार खुर्च्या, एक टेबल, एक कपाट. मोजलं की." त्यावरचे उत्तर ठरलेले असते. "खुर्च्या मोजता येतात, फर्निचर मोजता येत नाही. जरा तर्काने विचार करा."

प्रश्न विचारणारा गप्प बसतो. चूक मात्र त्याची नसते.

'तर्काने विचार करा' हे वाक्य महाराष्ट्रातल्या लाखो इंग्रजी शिकणाऱ्यांना ऐकवले गेले आहे आणि ते खोटे आहे. जे मोजता येते ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल, ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातही याच वळणाने येते. व्याख्या सोपी आहे, पाठ होते आणि पहिल्या दहा शब्दांना लागूही पडते. अकराव्या शब्दाला ती शिकणाऱ्याला खड्ड्यात घालते. वर त्या खड्ड्याचा दोष त्याच्याच बुद्धीला दिला जातो, हे अधिक वाईट.

या व्याख्येचे पाठीराखे आणखी एक आग्रह धरतात. अलीकडच्या काही पाठ्यपुस्तकांत हा धडा वेगळ्या वाटेने घेतात. शिकणाऱ्यांच्या जोड्या लावायच्या, एकाने कामावरची अडचण सांगायची आणि दुसऱ्याने सल्ला द्यायचा. काम फार आहे, माणसे कमी आहेत, यंत्र वेळेवर मिळत नाही, साहेब नीट माहिती देत नाहीत. मग काय करावे? जुन्या वळणाच्या शिक्षकांना हा प्रकार गप्पांचा वाटतो. यात व्याकरण कुठे आहे, त्यापेक्षा अनकाउंटेबल शब्दांची यादी द्या, पाठ करून घ्या, परीक्षेत चूक शोधायला येते तेवढे साधेल, असे त्यांचे म्हणणे. व्याख्या आणि यादी ही दोन्ही अपुरी आहेत आणि ज्याला गप्पा म्हणून हिणवले जाते, तोच या धड्याचा खरा अभ्यास आहे.

आधी व्याख्या तपासू, आणि त्यासाठी इंग्रजीपर्यंत जाण्याची गरज नाही. मराठी स्वयंपाकघर पुरेसे आहे.

घरात गहू निवडले जातात आणि ज्वारी निवडली जाते. गव्हाचा दाणा आणि ज्वारीचा दाणा यांत मोजण्याच्या दृष्टीने काय फरक आहे? काहीच नाही. तरी गहू अनेकवचनी आणि ज्वारी एकवचनी. पोहे भिजवले, पण साबुदाणा भिजवला. तांदूळ धुतले, भात मात्र शिजला. एकच गृहिणी तांदूळ धुतले म्हणते आणि बाजारातून आल्यावर तांदूळ महागला म्हणते. धुताना तिच्या हाताखाली दाणे असतात, भाव सांगताना माल असतो. मराठी बोलणाऱ्या कोणालाही यात विसंगती वाटत नाही, कारण हे नियम कोणी तर्काने शिकलेले नाहीत. ते घरात, कामाच्या ओघात, निवडता-धुता-शिजवता कानांवर पडत गेले. इंग्रजीतही नेमके असेच आहे. तिथे गहू, म्हणजे व्हीट, एकवचनी आणि ओट्स अनेकवचनी. दोन्ही शेतात पिकतात, दोन्हींचे दाणे दिसतात. या जोडीमागे तर्क आहे असे सांगणाऱ्याने गहू आणि ज्वारी यांच्यामागचाही तर्क सांगावा.

थोडे बाहेर पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. सल्ला ही अमूर्त गोष्ट आहे म्हणून ती मोजता येत नाही, असे वर्गात सांगतात. फ्रेंच माणूस सल्ले मोजतो, स्पॅनिश मोजतो, इटालियन मोजतो. फ्रेंचमध्ये माहितीचेही अनेकवचन होते, जर्मनमध्ये होते, गोव्याच्या जुन्या राज्यकर्त्यांच्या पोर्तुगीजमध्येही होते. या साऱ्या समाजांना तर्क नाही आणि तो फक्त इंग्रजांना सापडला, असे कोणी म्हणणार नाही. मराठीत वडीलधाऱ्यांचे सल्ले असतात, वकिलाकडून दोन सल्ले घेतले जातात, न्यायालयात पुरावे सादर होतात, रोज बातम्या येतात, घरी कामे असतात. म्हणजे सल्ला, पुरावा, बातमी, काम हे चारही शब्द मराठीत मोजले जातात. त्यांचे इंग्रजी जोडीदार ॲडव्हाइस, एव्हिडन्स, न्यूज आणि वर्क तिथल्या रोजच्या बोलण्यात मोजले जात नाहीत. वस्तू त्याच आहेत, फक्त भाषांचे ठराव निराळे आहेत.

म्हणून कार्यालयात "साहेब, एक काम होतं" हे रोजचे वाक्य इंग्रजीत नेताना कोणी "सर, आय हॅव अ वर्क" म्हणतो, तेव्हा तो बेसावध नसतो. तो आपल्या भाषेशी प्रामाणिक राहून विचार करत असतो. "मला एक माहिती हवी होती" मधून "ॲन इन्फर्मेशन" येते. तारखेला हजर राहणारा पक्षकार "एव्हिडन्सेस" म्हणतो, कारण त्याच्या वकिलाच्या पिशवीत पुरावे असतात, एक पुरावा नसतो. "माय हेअर्स आर फॉलिंग" म्हणणाऱ्याचे केस खरोखरच अनेक असतात आणि मराठीत ते गळतात, गळत नाहीसे होत जाणारे एकच एक काही नसते. या चुका पाहून हसणाऱ्याने एवढे तरी लक्षात घ्यावे की त्या चुकांच्या मुळाशी विचार आहे.

एका शब्दाने मात्र थोडे थांबायला लावावे. मराठीत फर्निचर हा शब्द एकवचनीच वापरतात. नव्या घरात "फर्निचर केलं" असे म्हणतात, फर्निचरे केली असे कोणी म्हणत नाही. मराठीची सवयच इंग्रजीत उतरली असती तर इथे चूक व्हायला नको होती. तरीही "फर्निचर्स" हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर आणि पत्रांत सर्रास दिसतो. ही चूक घरून आलेली नाही, ती वर्गातून आलेली आहे. मोजता येते त्याला अनेकवचन असते आणि अनेकवचनाला एस लागतो, हे वर्गाने शिकवले. विद्यार्थ्याने चार खुर्च्या आणि एक टेबल मोजले आणि एस लावला. व्याख्येने सांगितले तेच त्याने केले. नियम पाळल्यामुळे चूक होत असेल तर दोष नियमाचा धरला पाहिजे.

आणि इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या मनात तरी फर्निचर खरोखर न मोजता येणारे असते का? २००५ साली डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर या संशोधकांनी प्रौढांना आणि चार वर्षांच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारून पाहिला. एकाकडे एकच मोठी वस्तू, दुसऱ्याकडे अनेक लहान वस्तू. सगळ्या लहान वस्तू मिळूनही आकारमान त्या मोठ्या वस्तूपेक्षा कमी. जास्त कोणाकडे? मोहरीच्या सॉससारख्या पदार्थाबद्दल विचारले तेव्हा उत्तर आकारमानावरून आले. बुटांबद्दल विचारले तेव्हा ते संख्येवरून आले. फर्निचरसारख्या शब्दांबद्दलही उत्तर संख्येवरूनच आले. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने अनकाउंटेबल असलेले फर्निचर इंग्रजी बोलणारी चार वर्षांची मुलेसुद्धा मनात मोजतच असतात. वर्गातला तो फर्निचरचा प्रश्न योग्य होता, हे सिद्ध करायला याहून अधिक काय हवे?

तत्त्वज्ञ क्वाइन यांनी १९६० मध्ये आलेल्या आपल्या 'वर्ड अँड ऑब्जेक्ट' या ग्रंथात हाच मुद्दा पायताणांवरून मांडला होता. बूट, बुटांचा जोड आणि पादत्राणे यांसाठीचे इंग्रजी शब्द एकाच सामानाविषयी बोलतात. पहिले दोन ते सामान वेगवेगळ्या मापाने तोडतात आणि तिसरा तोडतच नाही. त्याच्याही आधी ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९२४ च्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर'मध्ये मोजणीच्या आणि राशीच्या शब्दांचा भेद सविस्तर चर्चिला. तज्ज्ञांमध्ये ही गोष्ट शंभर वर्षे जुनी आहे. ती फळ्यापर्यंत पोहोचलेली नाही, एवढेच.

आता यादी.

यादीचा पहिला दोष असा की शब्द एका खान्यात बसत नाहीत. मुलाखतीत उमेदवार सांगतो की त्याला पाच वर्षांचा अनुभव आहे. तिथे एक्स्पीरियन्स मोजला जात नाही. तोच पुढे म्हणतो की त्या नोकरीत त्याला काही चांगले आणि काही कडू अनुभव आले. तिथे एक्स्पीरियन्सेस हेच बरोबर. प्रिंटरमधला पेपर संपतो तेव्हा तो अनकाउंटेबल, परिषदेत दोन पेपर्स वाचले जातात तेव्हा काउंटेबल. ग्लास म्हणजे काच, अ ग्लास म्हणजे पेला, ग्लासेस म्हणजे चष्मा. आयर्न म्हणजे लोखंड, ॲन आयर्न म्हणजे इस्त्री. कारखान्याच्या फाटकावर चष्मा मागायचा की काच, हे यादी सांगत नाही. समोरचे काम सांगते.

दुसरा दोष जास्त बोचरा आहे. यादी म्हणते वर्कला अनेकवचन नाही. ती पाठ केलेला विद्यार्थी शिकवणीहून घरी जाताना सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयावरून जातो आणि पाटीवर 'पब्लिक वर्क्स' असे वाचतो. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याच्या इंग्रजी नावातही 'ग्लास वर्क्स' आहेच. यादी म्हणते ॲडव्हाइसला अनेकवचन नाही. मग त्याला बँकेत नोकरी लागते आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या टेबलावर डेबिट ॲडव्हाइस, क्रेडिट ॲडव्हाइस अशा ॲडव्हाइसेस येऊन पडतात, कारण बँकेच्या व्यवहारात तो शब्द सूचनापत्रासाठी वापरतात आणि सूचनापत्रे मोजतात. यादी म्हणते रिसर्चला अनेकवचन नाही. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीचे 'एशियाटिक रिसर्चेस' १७८८ पासून निघू लागले. फॅरडे यांच्या विजेवरच्या प्रयोगांच्या ग्रंथाच्या नावात रिसर्चेस आहे, डार्विन यांच्या १८३९ च्या प्रवासवृत्तान्ताच्या नावातही आहे. शब्द बदलत जातात. पूर्वी इंग्रजीत वाटाण्यांना 'पीज' हा राशीचा शब्द होता. लोकांना तो अनेकवचनी वाटला आणि त्यातून 'पी' हे एकवचन नव्याने पाडले गेले. डेटा हे मुळात लॅटिन अनेकवचन, आज बहुतेक लोक ते पाण्यासारखे वापरतात. ईमेलचा प्रवास उलटा झाला. टपालासारखा न मोजला जाणारा तो शब्द आता दिवसाला शंभर ईमेल्स म्हणून मोजला जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती न्यायाशी संबंधित आहे. मोठ्या कंपन्यांच्या बैठकांत शेवटच्या स्लाइडवर 'की लर्निंग्ज' असे लिहिलेले असते. लर्निंग हा शब्द यादीप्रमाणे अनकाउंटेबल. खर्चासाठी स्पेंड्स, वागणुकीसाठी बिहेवियर्स हेही तिथे रुळलेले आहे. वरच्या खुर्चीतल्या माणसाने अनकाउंटेबल शब्द मोजला की ती नवी परिभाषा ठरते. भांडारातल्या कारकुनाने "इक्विपमेंट्स" लिहिले की तो मराठी माध्यमाचा ठरतो. दोघांनी केलेली गोष्ट एकच आहे. भाषेच्या नियमाच्या नावाखाली इथे माणसाची पायरी मोजली जात असते, आणि व्याकरण शिकवणाऱ्यांनी या मोजणीत सामील होऊ नये.

यावर एक प्रतिप्रश्न येतो आणि तो वजनदार आहे. सगळा ठरावाचाच मामला असेल तर ठराव पाळायचा कशाला? भारतात कोट्यवधी लोक "फर्निचर्स" म्हणतात, सगळ्यांना कळते, मग तेच आपले इंग्रजी माना. ब्रज कचरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय इंग्रजीला स्वतःचे स्थान असल्याचे आयुष्यभर मांडले आणि ते योग्यच होते. गावच्या दुकानाच्या पाटीवरचे "फर्निचर्स" कोणी खोडायला जाऊ नये. पण शिकणाऱ्याला दुसरा पर्यायही माहीत असला पाहिजे, कारण मुलाखत घेणारे, परदेशी ग्राहक, स्पर्धा परीक्षांतील चूक शोधा प्रकारचे प्रश्न, हे सगळे अजून जुनाच ठराव पाळतात. शिवाय काही ठिकाणी एका एसने अर्थच बदलतो. माल उतरवताना खोकी फुटली तर ते डॅमेज. डॅमेजेस म्हटले की ती न्यायालयाने द्यायला लावलेली नुकसानभरपाई होते. कस्टम म्हणजे रीत, कस्टम्स म्हणजे सीमाशुल्क. पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या माणसाला हा फरक न कळल्यास भुर्दंड त्याच्या कंपनीला बसू शकतो. ठराव शिकायचाच आहे. वाद तो कसा शिकायचा याचा आहे.

मराठी बोलणाऱ्याची अडचण नेमकी कुठे आहे, हे आधी पाहावे लागते. मराठीत 'किती' हा एकच शब्द पाण्यालाही चालतो आणि माणसांनाही. 'खूप', 'थोडे', 'जास्त' यांचेही तसेच. मराठीत अ आणि ॲनसारखी उपपदे नाहीत. म्हणजे नाम मोजायचे की नाही हा निर्णय मराठीत फार क्वचित घ्यावा लागतो आणि इंग्रजीत तो वाक्यावाक्याला घ्यावा लागतो: आधी उपपद, मग मच की मेनी, मग शेवटी एस. बोलता बोलता तीन दारे ओलांडायची असतात. फळ्यावरच्या रेघेने या तीन दारांचा सराव होत नाही. तिने नाम एकटेच उभे केलेले असते आणि एकट्या नामाला कधीच अडचण येत नाही.

त्याच वेळी मराठीकडे एक मोठी शिदोरीही आहे, तिचा वर्गात उपयोगच होत नाही. साबण मोजायचा नसतो, साबणाची वडी मोजायची असते, हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही. गुळाची ढेप, कागदाचा ताव, मेथीची जुडी, लसणाची पाकळी, पावाची लादी. प्रवासाला निघताना 'सामान किती?' असे विचारतात आणि उत्तर 'पाच नग' किंवा जुन्या वळणाने 'पाच डाग' असे येते. सामान न मोजता त्याचे नग मोजण्याची ही युक्ती इंग्रजीतल्या 'अ पीस ऑफ लगेज'ची सख्खी बहीण आहे. ज्याला सामान आणि नग यांतला फरक रक्तात मिळाला आहे, त्याला लगेज आणि बॅग, फर्निचर आणि चेअर, इक्विपमेंट आणि मशीन, ॲडव्हाइस आणि सजेशन, वर्क आणि टास्क, ट्रॅव्हल आणि ट्रिप या जोड्या परक्या वाटायचे कारण नाही. जोड्या म्हणून शिकवल्या तर. यादीत मात्र जोडीतला एकच शब्द असतो.

आता तो अडचण-सल्ल्याचा सराव पाहा. चाकणच्या कारखान्यातल्या पाळीचा सुपरवायझर म्हणतो: "आय हॅव टू मच वर्क अँड टू फ्यू पीपल." एका दमात दोन दारे उघडली, काम राशीचे आणि माणसे मोजणीची. रुग्णालयातली परिचारिका म्हणते: "वी डोन्ट हॅव इनफ इक्विपमेंट. टू मॉनिटर्स आर आउट ऑफ ऑर्डर." इथे सामान आणि त्याचा नग शेजारी शेजारी आले. हिंजवडीत नव्याने लागलेला मुलगा म्हणतो: "आय गेट टू मेनी ईमेल्स अँड नॉट मच इन्फर्मेशन." त्याची अडचण खरी आहे, नव्या नोकरीतल्या कितीजणांची ती असते! समोरच्याला आता सल्ला द्यायचा आहे. "आस्क फॉर मोअर ट्रेनिंग." "मेक अ लिस्ट ऑफ टास्क्स." "टॉक टू युअर मॅनेजर. शी हॅज अ लॉट ऑफ एक्स्पीरियन्स." प्रत्येक सल्ल्यात निदान एक तरी निर्णय आहे आणि तो निर्णय घेताना बोलणाऱ्याचे लक्ष व्याख्येकडे नसते, समोरच्या माणसाच्या त्रासाकडे असते. गहू निवडताना गव्हाचे अनेकवचन जसे शिकले गेले, तसेच हे.

कामाच्या जागेची निवडही उगाच नाही. इंग्रजीतले जे अनकाउंटेबल शब्द मराठी माणसाला छळतात ते पाहा: काम, सल्ला, माहिती, उपकरणे, प्रशिक्षण, प्रगती, अभिप्राय, ओव्हरटाइम, पैसा, वाहतूक, सॉफ्टवेअर. हे शब्द जंगलात किंवा जत्रेत भेटत नाहीत, कचेरीत भेटतात. आणि कचेरीत ते नेहमी तक्रारीच्या नाहीतर मदतीच्या वाक्यात येतात, कारण काम सुरळीत चालू असताना कोणी त्याविषयी बोलत नाही. अडचण आणि सल्ला हे या शब्दांचे नैसर्गिक घर आहे. वाळू, दूध, साखर यांच्या उदाहरणांवर तासभर घालवून शेवटच्या पाच मिनिटांत ॲडव्हाइसकडे येणारा धडा उलटा मांडलेला असतो. साखरेबद्दल कोणाची चूक होतच नाही.

या सरावातून आणखी एक गोष्ट शिकणाऱ्याच्या हाती लागते, ती यादीतून कधी लागत नाही. सम, मोअर, इनफ, नो आणि अ लॉट ऑफ हे शब्द दोन्ही प्रकारच्या नामांना चालतात, अगदी मराठीतल्या 'खूप'सारखे. चार जोड्यांचे बोलणे ऐकले की हे आपोआप जाणवते. घाबरलेल्या बोलणाऱ्याला केवढा आधार! मच की मेनी या धसक्याने ज्याची जीभ अडखळते, तो अ लॉट ऑफ म्हणून वाक्य पूर्ण करू शकतो आणि ते वाक्य शंभर टक्के बरोबर असते. तसेच, पुस्तके जो 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' घोकून घेतात तो चुकीचा नाही, पण रोजच्या बोलण्यात 'सम ॲडव्हाइस' किंवा 'अ सजेशन' सहज येते. आणि प्रोग्रेसला तर पीस लावताच येत नाही. हे बारकावे कानाने कळतात.

यात व्याकरण कुठे आहे, या प्रश्नाचे उत्तर असे की ते वाक्यात आहे. मराठी शिक्षकांना ही गोष्ट नवी वाटू नये. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि ती पाठमाला वाक्यांवर उभी होती. तिथल्या वाक्यांना शिकणाऱ्याच्या कामाचा संदर्भ असेलच असे नाही, ही तिची मर्यादा. अडचण-सल्ल्याचा सराव ती मर्यादा ओलांडतो, कारण वाक्य शिकणाऱ्याच्या स्वतःच्या दिवसातून येते.

गप्पा म्हणणाऱ्यांची एक शंका मात्र मान्य करायला हवी. नुसते बोलू दिले आणि शेवटी काही दाखवलेच नाही, तर चुका तशाच घट्ट होतात. म्हणून बोलून झाल्यावर फळ्याकडे यायचेच. पण फळ्यावर त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष बोलली गेलेली वाक्ये असावीत, सामान आणि नग शेजारी शेजारी लिहिलेले असावेत आणि शिक्षकाने सांगावे की मराठीत आपण काम मोजतो, इंग्रजीत टास्क मोजतात. तर्क नाही, रीत आहे, असे उघड सांगावे. एवढ्या एका कबुलीने वर्गातली अर्धी भीती जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत, कारखान्यांत, बँकांत, रुग्णालयांत कामाला आहेत. त्यांतले अनेकजण संध्याकाळी दमून पुन्हा संभाषणाच्या वर्गाला येऊन बसतात. त्यांना शिकवणाऱ्यांकडे एकच मागणे आहे. पुढच्या वेळी हा धडा येईल तेव्हा रेघ ओढण्याआधी प्रत्येकाला मराठीतच विचारा, आज कामावर काय अडले. उत्तरे फळ्यावर उतरवा, त्यांतली नामे अधोरेखित करा, मग शेजाऱ्याला सल्ला द्यायला सांगा. आणि कोणी "ॲडव्हाइसेस" म्हणाला तर हसू नका. तो सल्ले मोजतो आहे, आणि त्याच्या भाषेत ते मोजता येतात.